एकशेवीस डाव्या बाह्या

सूर्यफुलांजवळ, पेट्यांच्या मागे
४ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक. फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि गेला, म्हणून कागद. दुसरा घेईन, पण घाई नाही. फोन नसला की सध्या कुठे आणि पुढे काय, हे कुणी विचारत नाही.

रंगाच्या दुकानातलं काम सोडलं हे बाबांनी सांगितलंच असेल. आता मधमाश्या पाळणाऱ्या एका नवरा-बायकोबरोबर आहे. ऐंशी पेट्या, एक ट्रक, आणि जिथे फुलं तिथे मुक्काम. बाबा म्हणतील, कार्टीला अखेर तिच्या जातकुळीची माणसं भेटली. आतापर्यंत नऊ डंख. नाकावरचा सगळ्यात वाईट; दोन दिवस मी थेट आत्यासारखी दिसत होते. हे तिच्या कानावर घालू नकोस.

माश्यांचं एक सांगते. पेटी आतून तापली की काही जणी दारात ओळीने उभ्या राहतात आणि जागच्या जागी पंख हलवतात, आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून. कुणी सांगत नाही, पाळी लावलेली नसते. मी काल तासभर बघत बसले आणि डबे धुवायचे राहिले. मालकीण, म्हणजे पेटीवाली, म्हणाली की माश्या कामाला लागल्या आणि कामवाली बघत बसली.

मुद्दा राहिलाच. तुझ्या मागच्या पत्राच्या कोपऱ्यात तू वेळ टाकली होतीस, तीन वाजून दहा. मला वाटलं दुपारचे. पण दुपारी तीनला तू कारखान्यात कटिंगच्या टेबलावर असतेस, हातात मशीन असतं, पेन नसतं. म्हणजे पहाटेचे. त्याआधीच्या पत्रावर पावणेचार. काय चाललंय? खरं लिही. बाबांना कळू द्यायचं नसेल तर नाही कळणार, मला फोनच नाही.

लोभ असावा, झोपही असावी.
तुझी,
भिंगरी


११ मे, पहाटे ३.२५

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझा डोळा नको तिथे तीक्ष्ण आहे. शाळेत फळ्यावरचं कधी दिसलं नाही.

खरं लिहायचं तर झोप येत नाही. आठ महिने झाले. पाळी मागच्या वर्षी थांबत थांबत गेली, त्याचं काही वाटलं नाही, उलट एक काम कमी झालं. पण तेव्हापासून अडीच-तीनला जाग येते. आधी मानेपाशी आग, मग छातीवर, मग घाम असा की गाऊन पिळून वाळत घालावा. मग थंडी वाजते. ती गेली की मी टक्क जागी. तुझे बाबा शेजारी घोरत असतात. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात आणि रात्री स्वतः लिफ्टसारखा आवाज करत वरखाली होतात. उशी घेऊन हॉलमध्ये येते, तिथे सोफा टोचतो, म्हणून स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तुला लिहिते. दुसरा उद्योग नाही. भांडी घासली तर आवाज होतो.

दिवसा डोकं भुसा भरल्यासारखं. परवा किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. एकावन्न काही म्हातारपण नव्हे, पण कारखान्यात बोलायची सोय नाही. त्या टेबलावर मास्तर म्हणून उभी राहिलेली मी पहिली बाई. साठ थर एकदम कापणाऱ्या पात्यापुढे उभं राहून जांभई दिलेली कुणाला आवडत नाही. तुला माहीतच आहे, पोलादी जाळीचा हातमोजा एकोणीस वर्षं खिळ्याला टांगलेला आहे. तो मी कधी घातला नाही. उघड्या बोटांना कापड कळतं.

आज नवं कापड येतंय, शाळेच्या कोटांचं. त्याला एका बाजूने लव आहे आणि ती सगळी एकाच दिशेला पडायला हवी. म्हणून थरवालीला सांगायचंय (थर लावणारी नवी मुलगी, मी तिला हळूहळू कटिंग शिकवतेय) की नेहमीसारखं सुलटाला सुलट लावू नकोस, सगळं कापड सुलट बाजू वर ठेवून लाव. मग बाहीच्या आकाराचा पुठ्ठा मीच एकदा सरळ आणि एकदा उलटा ठेवीन, म्हणजे डावी-उजवी जोडी निघेल.

दुपार. डब्याची सुट्टी. सांगितलं तिला. तिने दोनदा विचारलं, नक्की ना. म्हटलं, नक्की. आता जाता जाता टपालपेटीत टाकते.

आहेस तिथे जेवत जा.
आई


डोंगराच्या पायथ्याशी, ट्रकमध्ये
१७ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाहिलंस, जागा बदलली. सूर्यफुलं उतरणीला लागली.

तुझं दुखणं मी पेटीवालीला सांगितलं. रागावू नकोस, नाव-गाव काही सांगितलं नाही. आणि ती चौपन्नची आहे, तिला सांगावं लागलंच नाही, अर्ध्यावर तीच पुढचं सांगायला लागली. मी तुला झोपताना चमचाभर मध घे असं लिहिणार होते. त्यावर ती इतकी हसली की तिच्या टोपीची जाळी निघाली. तीस वर्षं मधात हात आहेत, म्हणाली, आणि तरी दोन वर्षं ती छताकडे बघत होती.

तिचं म्हणणं असं. जाग आली की पडून राहून छत मोजायचं नाही, उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, आणि डोळे जड झाल्याशिवाय परत आडवं व्हायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. (तू पत्राच्या कोपऱ्यात मिनिटं लिहितेस!) दुपारनंतर चहा बंद. सुती चादर, पंखा, जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ. आणि हे सगळं करून भागलं नाही तर डॉक्टरणीकडे जायचं, कारण यावर खरोखरचे उपचार असतात आणि प्रत्येकीला काय चालेल हे त्याच बघून सांगतात. तिने स्वतः दोन वर्षं उगीच घालवली, दुखणं म्हणायलाही लाज वाटली म्हणून.

आणि बाबांना सांग. ते लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देतात, हा त्यांचा धंदाच आहे.

इथे एक कुत्रा आमच्या मागे लागलाय, तीन मुक्काम झाले, ट्रकच्या मागे धावत येतो. त्याचं पुढच्या वेळी.

तो हातमोजा घाल की गं.
भिंगरी


२२ मे

चि. भिंगरीस,
अ. आ.

वेळ लिहिली नाही. पेटीवालीबाईंना सांग.

चहा सोडला. डोकं दुखतं. घड्याळ भिंतीकडे फिरवलं तर तुझ्या बाबांनी ते बिघडलंय असं समजून उघडून ठेवलं. डॉक्टरणीकडे वेळ मिळाला की जाईन. सध्या नाही मिळणार, कारखान्यात गोंधळ झालाय.

त्या लवेच्या कापडाचा. साठ थर कापले, एका थरात बाहीचे दोन तुकडे. शिलाईवाल्या बायकांनी गठ्ठे सोडले तर एकशेवीसच्या एकशेवीस बाह्या डाव्या. उजवी औषधाला नाही. थरवालीने सगळं कापड एकाच तोंडाने लावून ठेवलं होतं. नेहमीसारखं सुलटाला सुलट लावलं असतं तर एका पुठ्ठ्यात जोडी आपोआप निघाली असती, हे तिला मी दहादा शिकवलंय. ती कारखान्याच्या मालकीणबाईंसमोर म्हणायला लागली की मीच तसं सांगितलं होतं. मी म्हटलं की मी असं कशाला सांगेन. खरंच, कशाला सांगेन? एकोणीस वर्षं मी सुलटाला सुलट लावते. मालकीणबाईंनी तिला टेबलावरून काढून धागे कापायच्या बाकावर बसवलंय, महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाल्या. मला वाईट वाटलं. हात चांगला होता तिचा.

शिलाईवाल्यांनी थट्टा चालवलीय की दोन्ही हात डावे असलेल्या मुलांची शाळा शोधा.

आता थरही मीच लावते आणि कापतेही मीच. काल पात्याचं टोक अंगठ्याच्या नखाला लागलं. नखच गेलं थोडं, बाकी काही नाही.

काळजी नसावी.
आई


त्याच डोंगराशी
२८ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्यात कुत्र्याबद्दल दोन पानं झाली, दुसऱ्यात हवेबद्दल. तुला माहीत आहे मी अशी का करते.

मी आजवर काही सांभाळलं नाही. नोकऱ्या नाहीत, छत्र्या नाहीत, फोन तर टाकीत. पण तुझी पत्रं ठेवते. एक रिकामी पेटी आहे, माश्या न राहणारी, तिच्यात. ११ तारखेचं पत्र काढून पाहिलं. मग २२ चं. मग परत ११ चं.

त्यातलं एक पान सोबत पाठवतेय. नक्कल करून पाठवणार होते, पण माझं अक्षर बघून तू म्हणशील की हे हिने रचलं. म्हणून मूळच. खालून सहावी-सातवी ओळ वाच, आणि मग दुपारचं.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला आठवतच नाही, हे मला दिसतंय. किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवताना तरी कुठे माहीत होतं? पेटीवाली म्हणते की झोप नसली की असं होतं, तिने एकदा एकाच पेटीत दोन राण्या सोडल्या होत्या आणि नवऱ्याला चार दिवस बोल लावला होता.

मी पान पाठवलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. मी दोन दिवस तसंच ठरवलं होतं. पण ती मुलगी धागे कापत बसलीय आणि तिला माहीत आहे की ती बरोबर होती. आणि तुझा अंगठा. आज नखावर भागलं, उद्याचं काय?

काय करायचं ते तूच ठरव. मास्तर तू आहेस.

रागावलीस तरी लिही.
भिंगरी


९ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

पान मिळालं. अक्षर माझंच, त्यावर वाद घालता येईना.

दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. पहिल्या दिवशी असंही वाटलं की चुलीत घालावं आणि तुला लिहावं की टपालात गहाळ झालं. मग रात्री अडीचला जाग आली. तेव्हा पहिल्यांदा आठवलं. ती दोनदा नक्की ना म्हणाली तेव्हा तिच्या हातात कापडाचा काठ होता आणि मी डब्याचं झाकण उघडत होते. तुझे बाबा उठले होते पाणी प्यायला. त्यांना सगळं सांगितलं, आठ महिन्यांचं एकदम. ते म्हणाले की त्यांना वाटत होतं मला त्यांच्या घोरण्याचा राग आलाय आणि म्हणून मी हॉलमध्ये झोपते. मग त्यांनी माळ्यावरचा जुना पंखा काढला आणि तिथेच खोलायला घेतला. पहाटेपर्यंत चालू केला. आवाज करतो, पण त्यांच्यापेक्षा कमी.

सकाळी पान मालकीणबाईंच्या टेबलावर उघडून ठेवलं. तोंडी सांगता आलं असतं, पण तोंडाने मी एकदा सांगून बसले होते. त्यांनी दुपारचं वाचायच्या आधी वरचंही वाचलं. घाम, गाऊन, घोरणं, सगळं. मी समोर उभी. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं की हे किती दिवस चाललंय, आणि मशीन चालवताना कधी डोळा लागलाय का. एकदा, असं मी सांगितलं. हे तुलाही लिहिलं नव्हतं.

तर आता असं आहे. मशीन मी फक्त सकाळी अकरा ते एक चालवते. दुपारचं कटिंग थरवाली करते, मी शेजारी बसून बघते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलापुढे स्टूल आलंय. डॉक्टरणीकडे जाऊन आले. तपासण्या झाल्या, गोळ्या दिल्यात, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या. काल चार तास सलग. आज परत अडीचला जाग.

थरवालीची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. ती ठीक आहे म्हणाली आणि थर लावायला लागली. पूर्वी गप्पा मारायची, आता कामापुरतं बोलते. तिचं चुकत नाही. रोज सकाळी मी तिला काय सांगितलं ते टेबलाच्या कडेला खडूने लिहिते आणि खाली सही करते. हे तिने नाही, मीच सुरू केलं. टेबलावर परतल्यावर पहिल्या दिवशी तिने खिळ्यावरचा हातमोजा काढून, झटकून, माझ्यापुढे ठेवला. घातला. त्यातून कापडाचं काही म्हणता काही कळत नाही.

एकशेवीस बाह्यांच्या उशा शिवल्या. एक तुझ्यासाठी ठेवलीय, पण तुला दगडावरही झोप येते, तेव्हा घाई नाही.

ते पान मात्र परत पाठवता येत नाही. थरवालीने मागून घेतलं. पेटीत तेवढी जागा रिकामी राहू दे.

आई