शटरच्या स्प्रिंगचा सापळा

२ मार्च, सकाळी ६
बाजारातले उंदराचे सापळे म्हणजे पोरखेळ. चाळीस वर्षं दुकानांची शटरं दुरुस्त केली; स्प्रिंग काय चीज असते ते मला विचारा. शटरच्या स्प्रिंगचा असा सापळा बनवणार, की अख्खी लाइन बदलून जाईल. शिक्षण सातवी. पण उंदीर काय डिग्री बघून मरतो?

५ मार्च
पहिला बळी! उंदराचे दोन तुकडे. त्यातला एक सूनबाईच्या चहात. ताकद उत्तम, दिशा सुधारायची. सूनबाई किंचाळली, बाबा, रांगतं पोर आहे घरात! नातीची काळजी मला नाही का? सापळ्यावर लाल रंगाने मोठ्ठं ‘धोका’ लिहिलं.

८ मार्च
टेस्टिंग. लाटणं तुटलं. काठी तुटली. माझा अंगठा तुटला नाही, नख तेवढं गेलं. मुलगा म्हणाला, हे भंगारात घाला, नाहीतर आम्ही निघालो. मोठ्या कामाला पहिला विरोध घरातूनच. सापळा कपाटावर ठेवीन, असं वचन दिलं.

११ मार्च, दुपारी
कपाटावरच होता. तेल द्यायला जरासा खाली घेतला, एवढंच. नातीच्या बाहुलीचं मुंडकं उडालं. बाहुली नातीच्या हातात होती. हात शाबूत. बोटं दोनदा मोजली. सूनबाईने सापळा उचलून माझ्या अंगावर भिरकावला. मी वाकलो, दाराची फळी फुटली. सापळ्याला ओरखडाही नाही. मजबुती सिद्ध.

१२ मार्च
टेंपो आला. पाळणासुद्धा नेला. दोन दिवसांत राग उतरेल.

१६ मार्च
उतरतोय. वेळ लागतो.

२० मार्च, संध्याकाळी ५
उद्या हार्डवेअरवाला डेमो बघायला येणार. आठ दिवसांत एक उंदीर नाही. दहशत! पण डेमोला एक तरी हवा, म्हणून शेजाऱ्याकडे उसना मागितला. म्हणाला, काका, दिला असता हो, पण परत अख्खा मिळेल का? वर म्हणे, खाणारी माणसं गेली, आता उंदीर काय भिंती चाटायला येतील? जळतात लोक.

मुलाला फोन लावला. नात माझी आठवण काढते का, एवढंच विचारायचं होतं. त्याने ‘हॅलो’ म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, तुमच्याकडे उंदीर आहेत का रे?

फोन कट.