राहून गेलेलं कलम

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मसुदा माझ्याकडेच आला. साहेब म्हणाले, "तुमचा हात स्वच्छ आहे, बाई." म्हणजे खाडाखोड कमी, बाकी काही नाही. आपला देश त्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडणार, त्याचं विधेयक. माझी बबडी नोकरीला आहे तीच संघटना! पोरगी समुद्रापलीकडे बसून साथीच्या रोगांचे आकडे जुळवते.

जो देश सदस्य नाही, त्याच्या माणसाला तिथे नोकरी नाही. त्यांचा नियमच आहे तसा. मुलगी तिथे आहे हे साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मान डोलावली, फाइल घेतली, चहा प्यायले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काहीतरी वाटायला हवं. वाटत नाही. हे गेल्यापासून असंच चाललंय. बबडी तेव्हा आली, सगळी कपाटं पुसली, बापाचा चष्मा डबीत ठेवला आणि गेली. तेव्हापासून या घरात फक्त फ्रिज बोलतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

आमच्या खात्याची एक जुनी पद्धत आहे. मसुदा छपाईला जाण्याआधी लिहिणाऱ्याने साहेबांपुढे उभं राहून विचारायचं — "कोणी राहिलं का?" गावाला निघताना दाराला कुलूप घालण्याआधी विचारतो ना, तसं. नव्या कायद्याने कुणाच्या पोटावर पाय येत असेल तर त्यांची आठवण तेव्हा निघते. मग त्यांच्यासाठी सांभाळून घेणारं एक कलम घालायचं. इथे ते दोन ओळींत झालं असतं: आज जे तिथे नोकरीत आहेत त्यांचा करार संपेपर्यंत त्यांच्यापुरतं सदस्यत्व चालू राहील. संघटनेलाही हे चालतं, आधी बाहेर पडलेल्या देशांनी असंच केलंय.

आज मी विचारलंच नाही. साहेबांना बैठकीची घाई होती, मी सहीसाठी फाइल पुढे केली. विसरले वगैरे नाही! बबडी घरी यायला हवी होती, एवढंच. फाइल छपाईला गेली.

रविवार, १६ फेब्रुवारी

तिचा फोन. पेपरात वाचलं म्हणे.

"आई, हे तुमच्याच खात्यातून निघालंय ना? आमच्यासारख्यांची काहीतरी सोय ठेवली असेल ना गं?"

मी म्हटलं, बघू. मग तिने गुडघा कसा आहे ते विचारलं. गुडघ्याबद्दल मी बरंच बोलले. फोन ठेवून भांडी घासली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मंजूर. जेवणाच्या सुट्टीआधीच!

विरोधी बाकांवरच्या एकाने विचारलं, तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसांचं काय? मंत्र्यांनी वळून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे. मी टेबलाकडे. मंत्री म्हणाले, तो तपशील नंतर पाहता येईल. बाकं वाजली. कायदा लगेच लागू. बाहेर आल्यावर साहेब एकच वाक्य बोलले — "तुम्ही विचारायला हवं होतं, बाई." आवाज चढला नव्हता. आमची टंकलेखिका डबा घेऊन थांबली होती, त्यातलं थोडं खाल्लं.

शनिवार, १ मार्च

बबडीची खोली उघडली. गादी उन्हात टाकली, पडदे धुतले. तिच्या कपाटात ह्यांचे शर्ट कोंबून ठेवले होते, ते काढून माझ्या कपाटात लावले. संध्याकाळी लक्षात आलं, मी गुणगुणत होते. लाज वाटली स्वतःची. तरी थांबले नाही.

मंगळवार, ४ मार्च

दोनदा फोन लावला. उचलला नाही. सामान आवरत असेल.

रविवार, ९ मार्च

बबडीचा फोन. तिथल्या सरकारने अशा अडकलेल्यांना आपलं नागरिकत्व देऊ केलं. साथ ऐन भरात, हातातलं काम टाकून निघवेना, म्हणून तिने घेतलं. आपला पासपोर्ट परवा परत केला. पाच वर्षं तिथून हलायचं नाही, अशी अट आहे.

"जूनपर्यंतचाच करार होता गं. तेवढी मुदत मिळाली असती ना, तर मग कायमची घरीच येणार होते. तुला सांगितलं नव्हतं."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. हे गेले तेव्हाही आलं नव्हतं, ते रडू आज आलं.