बरकतच्या नावाची पाटी

निगडी, प्राधिकरण

बरकतभाई,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. तुझा गुडघा, सादिकाचं बीपी आणि कराडची हवा, तिन्ही जागेवर असतील असं धरून चालतो. पत्र यासाठी, की फोनवर आपण दोघं नुसतं ‘काय? काय?’ करतो. तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची घूं घूं ऐकून कान गेले, पेन्शन तेवढी राहिली.

मंगळवारी आपल्या रेल्वेच्या सबस्टेशनला गेलो. (शालन म्हणाली, लोक रिटायर झाल्यावर देवळात जातात.) इस्त्रीचा शर्ट घालून आकुर्डीहून लोकलने तळेगावला उतरलो, तर फाटकाला कुलूप. आता तिथं कुणी बसतच नाही राव, सगळे स्विच लांबच्या ऑफिसातून चालतात. आतल्या कुत्र्याने बराच वेळ माझी चौकशी केली. नशीब, तेवढ्यात निशिगंधा आली. शिकाऊ म्हणून आपल्या हाताखाली होती ना, ती आता तिथली इंजिनिअर आहे.

आपली खोली पाडायची आहे, बरकत. मीटरचा काटा उठला की तू ‘सुटली बघ लोकल’ म्हणायचास आणि चहाचं आधण ठेवायचास (साखर माझी), तीच खोली. मंजुरी आली, मजूर ठरले, आणि काम अडलंय तुझ्यामुळे. निवृत्तीच्या दिवशी जुन्या बंद पॅनेलचं पितळ शेवटचं पुसावं म्हणून तू हँडलला ‘माणूस काम करत आहे’ची पाटी अडकवलीस, खाली नाव लिहिलंस, आणि तेवढ्यात तुला हार घालायला बोलावलं. पाटी तशीच. सहा वर्षं झाली, कागदोपत्री तू अजून पितळ पुसतोयस.

मी म्हटलं, त्यात करंट कुठला, काढतो मी. पोरीने माझा हात धरला.

“काका, ज्याची पाटी, त्यानेच काढायची. तुम्हीच शिकवलंत.”

आधी राग आला, मग डोळे भरले. मी वर तारेवर होतो, गाड्या खोळंबल्यात, करंट सोडा म्हणून साहेब ओरडत होता, आणि तू माझ्या पाटीपुढे हाताची घडी घालून उभा राहिलास, ते आठवलं. तेव्हा हललास असतास, तर आज हे पत्र लिहायला मी नसतो.

असो. तू येऊ शकत नसशील तर लेखी परवानगी चालते म्हणे. निशिगंधाने फॉर्म दिलाय, तो सोबत जोडलाय. सही करून लगेच धाड. लोकांची कामं अडवणं बरं नव्हे.

तुझाच, साखर पुरवणारा,
रंगराव

ता. क. फॉर्म पाकिटात शोधत बसू नकोस. ठेवलेला नाही.

आणखी एक. तुझी सही मिळेपर्यंत खोलीला हात लागणार नाही, असं निशिगंधा म्हणाली. (म्हणताना हसली की काय, ते चष्म्याशिवाय दिसलं नाही.) तेव्हा सही राहू दे, तूच ये. चार दिवस निगडीत राहा, शालन भरली वांगी करणार आहे. फक्त तळेगावकडे फिरकू नकोस. कुणी विचारलंच तर मी सांगेन, माणूस अजून काम करत आहे.