घोरण्याचं ऑपरेशन आणि तुझी लाथ

पुनावळे,
रविवार

प्रिय दत्तोबा यास,

भीमराजचा सप्रेम जयभीम, आणि तुला बरं वाटावं म्हणून रामरामही. तुझी तब्येत, पुतळावहिनींचा बीपी आणि महाळुंग्यात कंपन्यांच्या गराड्यातून वाचलेलं तुझं आंब्याचं झाड, तिघंही ठणठणीत असोत. फोनच केला असता, पण आमची कारभारीण कस्तुरा तो स्पीकरवर ठेवायला लावते आणि माझ्या आधी स्वतःच उत्तरं देते.

बातमी अशी, की माझ्या घोरण्याचं ऑपरेशन ठरलंय. हसू नकोस. झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास अडकतो म्हणे. धम्मरत्नच्या (माझा थोरला, हिंजवडीतला) सासऱ्यांशी बोलता बोलता मी त्यांच्याच खांद्यावर मान टाकून घोरू लागलो, तेव्हा मला दवाखान्यात नेलं. तिथे अंगभर वायरी चिकटवून झोपायला सांगितलं. (कंपनीत खोक्यांच्या पुठ्ठ्यावर घोरणारा मी, तिथे मऊ गादीवर झोप येईना.) मग रोज रात्री लावायला हवेचा मुखवटा दिला. तो बघून नात किंचाळायची आणि झोपेत मीच तो उपटून फेकायचो. शेवटी सर्जनबाई म्हणाल्या, टॉन्सिल काढू, सैल पडलेली टाळू आवळू, नाकातलं वाकडं हाड सरळ करू. पुरत्या गुणाची हमी नाही, पण फरक पडेल.

त्यांनी विचारलं, तरुणपणीही असं व्हायचं का? आणि मला आपली पिंपरीतली खोली आठवली. थर्ड शिफ्ट करून आलेले आपण सगळे, खिडकीला गोणपाट लावून भर दुपारी एका सतरंजीवर आडवे. माझ्या शेजारी तू. कंपनीत तू कॉम्प्रेसरवर होतास. तो बंद पडला की उजव्या पायाची एक लाथ घालायचास आणि तो सुरू व्हायचा. खोलीत माझं घोरणं थांबलं की झोपेतच तीच लाथ माझ्या कमरेत. मी भांडायचो, की घोरतो तेव्हा गप्प असतोस आणि गप्प झालो की मारतोस, हा कुठला न्याय? तू डोळेही न उघडता म्हणायचास, "आवाज बंद पडला का पाय आपसूक उठतो, राव. म्या काय करू?"

हे सगळं मी बाईंना सांगितलं, ऐकून त्या हसतील असं वाटलं होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या मित्राने तुमचा अडकलेला श्वास कितीदा सुरू करून दिला असेल!" दत्तोबा, तिथेच मला रडू आलं. ती सतरंजी, तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, ती दुपारची झोप, सगळं एकदम समोर आलं. तशी झोप पुन्हा लागली नाही रे.

बाकी मी मजेत आहे. ऑपरेशनला अजिबात घाबरलेलो नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
भीमराज

ता. क. : ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. त्या रात्री पेशंटजवळ एकाला झोपू देतात. घरी मी छाती काढून सांगितलंय, कुणी नको. तू ये. तिथे श्वासावर लक्ष ठेवायला मशीन असतं, नर्स असते, सगळं कबूल. पण माझा भरवसा तुझ्या पायावर आहे.

आणखी एक : तुझा एक गुडघा बदललाय असं कानावर आलं. डावा असेल तर प्रश्नच नाही. उजवा असला तरी ये, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला झोप. डाव्यावर भागवू.