अरुणाची यादी आणि सत्तावन्न फुटांची बोट

२ मार्च २०२५, रविवार

पाटा-वरवंटा बसला! पुढच्या पायरीखाली, रबराच्या चटईवर. यादीतली सगळ्यात जड वस्तू. तेवीसपैकी नऊ झाल्या.

अरुणा म्हणाली होती, "अहो, आधी माझ्या सगळ्या वस्तूंना जागा करून दाखवा, मग येते तुमच्या बोटीवर राहायला." दाखवतोच! तीस वर्षं लंडनजवळच्या पिनरच्या घरातून बेसिंगस्टोकच्या ऑफिसात खेपा घातल्या. आता रिटायर झालो, आता पाण्यावर राहायचं. बोट लांबीला सत्तावन्न फूट, रुंदीला सातसुद्धा नाही – ट्रेनचा डबा यापेक्षा ऐसपैस. पण कॅनॉलवर लोक राहतातच की.

घराला गिऱ्हाईक लागलंय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हो-नाही कळवायचं आहे. म्हणजे चार आठवडे हातात.

६ मार्च, गुरुवार

आज मी स्वतःवर भलताच खूश आहे. मागच्या जिन्याच्या पायऱ्यांना बिजागऱ्या लावल्या. प्रत्येक पायरी आता पेटी! एकीत पुरणयंत्र, एकीत पोळपाट, एकीत बुटं. पलंगाची फळी वर उचलली की खाली चौदा साड्या. आणि स्वयंपाकघराच्या छताला लोखंडी पट्टी ठोकून मसाल्याच्या डब्यांच्या झाकणांना लोहचुंबक चिकटवलं. डबे झुंबरासारखे लटकतात.

अरुणाला फोटो पाठवला. उत्तर आलं – हळदीचा डबा उघडून दाखवा. व्हिडिओ कॉलवर दाखवला. थोडी टकलावर सांडली. ती खूप हसली. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

घरघंटी आणली आणि टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळायला लागली. शेजारच्या बोटीवरचा टेरी अठरा वर्षं इथे राहतोय. काठावरून म्हणाला, "पुरू, तुझी बोट डावीकडे झुकलीय." सगळं जड सामान मी डाव्या अंगाला भरलं होतं! त्यानंच सांगितलं – तळाच्या फळ्यांखाली विटा असतात, बोट नीट बसावी म्हणून. त्या हलवायच्या, वजन सारखं करायचं.

फळ्या उचलल्या आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विटाच कशाला? वजनच हवं ना? विटा काढल्या आणि वर्षाची साठवण भरली – तांदूळ, तूरडाळ, मटकी. वजन तेच, जागा फुकट!

१० मार्च

अरुणानं यादी वाढवली. आता एकतीस वस्तू. शिवणयंत्रसुद्धा. "आठवत गेलं तसं लिहिलं," म्हणाली. चांगलं लक्षण आहे. मन तयार झाल्याशिवाय माणूस इतकं आठवेल का?

१६ मार्च, रविवार

मटकीला मोड आले.

फळ्यांखाली ओल असते, हे टेरीनं सांगितलं नव्हतं. म्हणे, "मला काय ठाऊक तू जेवण पुरणार आहेस!" पातेलंभर उसळ केली. चार बोटींवर वाटली. टेरीनं दोनदा मागून घेतली, वर घाम पुसत विचारलं, हे पुन्हा कधी उगवणार? विटा परत जागच्या जागी. वाचलेलं धान्य हवाबंद डब्यांत, उजव्या बाकाखाली. पेन्सिल आता जागची हलत नाही.

२२ मार्च, शनिवार

आमची लेक पूर्वी कार्डिफहून आली. हॉस्पिटलातून दोन दिवस सुट्टी मिळाली. तिला एकेक खण उघडून दाखवला. शिवणयंत्र घडीच्या टेबलाखाली कसं सरकतं ते तीनदा दाखवलं. "अमेझिंग आहे, बाबा," म्हणाली. मग थोड्या वेळानं, तिच्या मोडक्या मराठीत, "पण तू आईला विचारला का? तिला खरंच यायचा आहे?"

विचारायचं काय त्यात? एकतीस वस्तूंची यादी काय उगाच दिली तिनं? पूर्वी ओके म्हणाली आणि चहा करायला उठली. तिला साखर सापडायला दहा मिनिटं लागली. खणांवर चिठ्ठ्या लावायला हव्यात.

२७ मार्च

एकतीसपैकी एकतीस! आज मी या कॅनॉलवरचा सर्वांत सुखी माणूस आहे.

३० मार्च, पाडवा

बोटीच्या टोकाला गुढी उभारली. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. अकराला अरुणा आली, जरीची साडी, हातात यादी आणि पेन्सिल. एकेक झाकण उघडायची, बघायची, खूण करायची. मी मागे मागे. शेवटची खूण झाली तशी पलंगावर बसली आणि यादीची घडी घालत राहिली.

"कमाल केलीत तुम्ही," म्हणाली. मला हेच ऐकायचं होतं. विचारलं, "मग उद्या हो कळवू?" म्हणाली, सकाळी बोलू.

३१ मार्च, सोमवार

सकाळी चहा पिताना सांगितलं तिनं. "मला घर सोडायचं नव्हतं हो. तुमचा उत्साह बघून नाही म्हणवेना. म्हणून यादी वाढवत गेले. वाटलं, एखादी तरी वस्तू मावणार नाही."

राग यायला हवा होता. आली ती लाज. ती यादी मी शंभर वेळा वाचली, आणि तिला एकदाही विचारलं नाही.

घर विकत नाही, असं गिऱ्हाइकाला कळवलं. बोट विकायच्या जाहिरातीला टेरी मदत करतोय. पहिली ओळ काय घालू, म्हणाला. म्हटलं, घाल – सामानाला भरपूर जागा.