झाडातल्या एकोणीस फटी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय नवशिक्यांना जलरंगात झाडे शिकवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हल्ली दुपारी खिडकीबाहेरचे झाड धूसर होत होत खोलीत आल्यासारखे वाटते, पण डॉक्टरीणबाई म्हणतात तो मोतीबिंदू आहे. मला ते झाड आत आलेले आवडते, म्हणून ऑपरेशन करून घेतलेले नाही.

कलम १. वरचा मजला माझ्या भाचीला. खालचा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, आहेच. रविवारचा वर्ग भाचीने चालू ठेवावा. पहिल्या दिवशी नवशिक्यांना फक्त ओल्या कागदावर हिरवा थेंब सोडायला सांगावे आणि तो पसरताना बघत बसू द्यावे. घाई करणाऱ्याला चहा द्यावा. पाने एकेक काढू देऊ नयेत. लांबून झाडाची पाने दिसत नाहीत, उजेड दिसतो. मध्ये मध्ये कोरा कागद सोडायला लावावा, तेच आकाश. आणि भिंतीवरची पाटी काढू नये: "दुसऱ्याच्या कागदाला आपला ब्रश लावायचा नाही."

कलम २. बँकेतली शिल्लक वर्गाच्या कागदासाठी. स्वस्तातला आणू नये, पाणी लागताच तो फुगून बसतो.

कलम ३. ब्रश वर्गाला. फ्रेमवाल्याने माझ्या सर्वांत चांगल्या झाडाचा बोटभर शेंडा काचेत मावेना म्हणून कापला होता. वीस वर्षे मी त्याचे नाव टाकले. त्याला माफी देत आहे. ज्याला मिळकतीतले काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, पण माफी मिळकतीत धरत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले, तेव्हा तो साक्षीदार होऊ शकतो.

कलम ४. कपाटातले झाडाचे चित्र धाकटीला; ते लहानपणी तिनेच काढलेले आहे.

ती पाटी तिच्यामुळे आहे. ती अकरा वर्षांची होती, मी अठरा. शाळेच्या स्पर्धेसाठी काढलेल्या झाडात तिने जागोजाग कोरा कागद सोडला होता. ती हात धुवायला गेली आणि मी शहाणीने त्या फटी गडद हिरव्याने भरून टाकल्या. आकाश सोडायचे असते हे मला पुढे दहा वर्षांनी कळले. पहिला नंबर आला. ती बक्षीस घ्यायला उठलीच नाही. घरी येऊन एवढेच म्हणाली, "यातून पाखरं आरपार जायची, ताई. तू दारं लावलीस."

त्यानंतर तिने ब्रश हातात धरला नाही. शिलाई मशीनवर आयुष्य काढले. आम्ही बोलतो, नाही असे नाही. पाणी आले, पाणी गेले, एवढेच. माझ्या मनाला ते फार लागून राहिले आहे. माफी मागायला कितीदा जिना उतरले आणि मशीनचा आवाज ऐकून परत वर आले.

या महिन्यात ओल्या ब्रशने हलके चोळून, टिपकागदाने टिपून, मी माझा हिरवा काढला. एकोणीस फटींपैकी सतरा उघडल्या. दोन काही केल्या उघडत नाहीत. तेवढ्या दोन फटींबद्दल तिने मला मी गेल्यावर तरी माफ करावे.

दुरुस्ती. आज वर्ग सुटल्यावर भाचीने हा मसुदा मोठ्याने वाचला. धाकटी जिन्यात उभी आहे हे कोणाच्याच लक्षात आले नाही. ती आत आली, कपाट उघडले आणि चित्र खिडकीशी धरले. फटींमधून आलेला उजेड तिच्या तोंडावर पडला. मला राहवेना; राहिलेल्या दोन फटींसाठी मी ब्रश ओला केला, तशी तिने माझे मनगट धरले.

"ठेव तो खाली, ताई. सतराच होत्या. ही दोन माझी पानं आहेत."

"अगं, मी महिनाभर..."

"घासत बसलीस. तुझा हात मेला कधी स्वस्थ बसायचा नाही."

ती हसली. मी रडले. चित्र तिने काखेत मारले ते सोडलेच नाही.

सबब कलम ४ रद्द. चित्र मी हयातीत, माझ्या हाताने दिले. या मृत्युपत्राने धाकटीला आता काहीही मिळत नाही, म्हणून तिलाही साक्षीदार होता येते.

ठिकाण: वरच्या मजल्यावरची वर्गाची खोली
दिनांक: १८ नोव्हेंबर, रविवार

सही: मृत्युपत्र करणारी, थोरली बहीण

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १. फ्रेमवाला
साक्षीदार २. धाकटी बहीण, शिवणकाम. (सही हिरव्या रंगात आहे. पेन दिले होते. तिने ब्रश मागितला.)