जयंतीचा कौल

कांदिवली,
२४ जून १९८५

तीर्थरूप नानांच्या चरणी नात जयंतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. फणस उतरवले आणि निम्मे लवू गुरवाच्या पोरांनी पळवले, हे वाचून आई हसली आणि बाबा चिडले. इकडे सगळे बरे आहेत, आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

आता खरी बातमी. नाना, माझं नाव लागलं! डॉक्टरकीच्या दोन कॉलेजांच्या यादीत लागलं, एक इथलं मुंबईचं आणि दुसरं मिरजेचं. अठरा जुलैला मुलाखत आहे. तिथे एकच नाव सांगायचं, मग बदल नाही. चाळीत पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी घरात महाभारत सुरू झालं. बाबा म्हणतात, मुंबईचं कॉलेज सोडून मिरजेला जाणारी मुलगी त्यांनी आजवर ऐकलेली नाही. आई म्हणते, पोर संध्याकाळी डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. मला मिरजेला जावंसं वाटतं, एवढंच मी बोलले, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत.

शेवटी त्यांनी तोडगा काढला, की देवाला विचारू. तुम्हाला त्यांचं पत्र येईलच. रवळनाथाच्या देवळात कौल लावायचा, जयंतीला मुंबईत ठेवू काय, असं विचारायचं. देवाला लावलेली उजवीकडची पाकळी आधी पडली तर मुंबई, डावी पडली तर मिरज. आणि कौल झाला की बाबा दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. माझी तर वाटच लागली.

म्हणून हे पत्र चोरून लिहितेय. नाना, पाकळी कुठेही पडू दे, तुम्ही डावा कौल झाला असं कळवा ना. एवढं एकच काम करा, जन्मात दुसरं काही मागणार नाही. उत्तर शेजारच्या प्रेमाकाकूंच्या पत्त्यावर पाठवा, त्यांना मी सांगून ठेवलंय.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
जयंती


मुक्काम गाव,
२९ जून १९८५

चि. जयंतीस नानाचे अनेक आशीर्वाद.

पोरी, नाव लागलं हे वाचून मी अंगणात तीन जणांना थांबवून सांगितलं. चौथा आपणहून आला. देव तुझं बरं करो.

आता दुसऱ्या गोष्टीबद्दल. शेजारणीच्या पत्त्यावर चोरून पत्र धाडायला मी काय कॉलेजातला पोरगा आहे गो? हे पत्र सरळ तुझ्या घरच्या पत्त्यावर येतंय, तुझ्या बापाच्या हातात पडलं तर पडू दे. देवाच्या पायरीवर उभं राहून खोटं माझ्याने व्हायचं नाही. पडेल तीच पाकळी मी कळवणार. तुझ्या बापाच्या वेळेलाही मीच देवापुढे उभा होतो. दशरथाला गिरणीत लावू काय, विचारलं. उजवा झाला आणि आठवड्याभरात तो कापड विणायच्या साच्यावर उभा राहिला. संप होईपर्यंत त्याच गिरणीने सगळ्यांचं पोट भरलं.

पण तू मिरज मिरज करतेस, ते कशासाठी ते काही लिहिलं नाहीस. मला कॉलेजातलं कळत नाही, पण इस्पितळातली खाट कळते. यंत्रात हात गेला तेव्हा मी मुंबईत पडून होतो. रोज सकाळी शिकाऊ डॉक्टरांचा घोळका यायचा. मोठे डॉक्टर समजावून सांगायचे, पण मागच्या पोरांना माझा हात दिसायचाच नाही. बिचारी टाचा उंच करून माझं तोंड बघायची. एक पोरगी मात्र दुपारी एकटीच परत यायची, स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, नाना, बोटं हलवून दाखवा. घरी कोण कोण आहे तेही विचारायची. तिचं नाव विसरलो, पण ते स्टूल अजून डोळ्यांसमोर आहे.

तर तू दोन्हीकडचं बघ, आणि तुला ते स्टूल कुठे मिळेल ते मला लिही. हॉस्टेलची मौज हवी असेल तर तेही लिही. माझ्यापासून लपवू नको, मीही एकदा तरुण होतो.

आईला सांग, गुडघ्याला तेल पाठवतोय. लावलं नाही तर परत मागेन.

तुझं भलं चिंतणारा,
नाना


कांदिवली,
८ जुलै १९८५

तीर्थरूप नानांना जयंतीचा कान पकडून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र बाबांच्याच हातात पडलं. पडेल नाहीतर काय! त्यांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं, मी मोरीत तोंड लपवून भांडी घासत बसले. वाटलं, आता काही खरं नाही. पण बाबा ओरडले नाहीत. जेवून झाल्यावर म्हणाले, नाना म्हणतात ना दोन्हीकडचं बघ, मग बघू. कारखान्यातून दोन दिवसांची रजा टाकली आणि खरंच मला घेऊन निघाले.

आधी मुंबईचं. मुलुंडची आपली मीराताई तिथे तिसऱ्या वर्षाला आहे, तिने मला वॉर्डात नेलं. नाना, खोटं सांगणार नाही, तिथे जगातला प्रत्येक आजार बघायला मिळतो. मीराताई म्हणते, पुस्तकात वाचावं आणि दुपारी तोच आजार समोर खाटेवर असावा, असं दुसरीकडे कुठे होणार? ते खरंच आहे. आणि कॉलेजही झकास, नाटकं काय, मॅचेस काय. पण एका खाटेभोवती मीराताईची पंधरा जणांची तुकडी. मी मागे उभी होते, मलाही पेशंटचं तोंडच दिसलं. स्टूल होतं, त्यावर वह्या ठेवल्या होत्या. मीराताई म्हणाली की ज्याला शिकायचंय तो संध्याकाळी परत येतोच. तुमची ती दुपारची पोरगीही तशीच असणार. पण मी संध्याकाळी कांदिवलीला पोचायच्या घाईत असेन ना.

मिरजेला शकु भेटली, आमच्याच शाळेतली, आता तिथे शिकणारी. तिथे वॉर्डाची पाळी लागली की एकेका विद्यार्थ्याला तीन खाटा वाटून देतात. त्या पेशंटची सगळी हकिकत आपणच विचारायची, लिहायची आणि सरांना सांगायची. चुकलं की सरांची बोलणीही आपणच खायची. पेशंट पलीकडून कर्नाटकातूनही येतात, म्हणून शकुने कानडी शिकून घेतलंय. एका आजीबाईंजवळ ती स्टुलावर बसली आणि एल्लि नोवु म्हणाली, म्हणजे कुठे दुखतंय. आजी जी बोलायला लागली ती थांबेचना. मध्येच तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. शकु तपासून उठली तरी मी तिथेच. बाबा दारातल्या बाकावर बसून बघत होते.

तुम्ही विचारलंत म्हणून हेही लिहिते. हॉस्टेलचा मोह आहेच मला. स्वतःची खाट, स्वतःचा दिवा, सायकलवरून मेसला जाणाऱ्या मुली. इथे पाच जणांत मी दार आणि कपाटाच्या मध्ये झोपते. पण भीतीही वाटते. आईला गुडघे धरून स्वयंपाक करावा लागेल, आणि मला तिथे रडू आलं तर कोणाकडे जाऊ?

 आता सगळं तुमच्या पाकळीवर. खोटं लिहा असं आता म्हणणार नाही.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
जयंती


मुक्काम गाव,
१२ जुलै १९८५

चि. दशरथास आशीर्वाद विशेष.

तुझं पत्र आणि पाठोपाठ पोरीचं, दोन्ही मिळाली. आज सकाळी आंघोळ करून देवळात गेलो. लवू गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. तू लिहिलं होतंस तसंच त्याला सांगून ठेवलं होतं, की जयंतीला मुंबईत ठेवू काय, असं विचार.

त्याने बा देवा महाराजा म्हटलं मात्र, मला ते बरं वाटेना. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, असं विचारू नको. पोर विचार करून जिथे जाईन म्हणेल तिथे तिला धाडू काय, असं विचार.  लवू म्हणाला, नाना, असला प्रश्न कोणी देवाला घालत नाही. मी म्हटलं, घालत नसतील, तू घाल. घराण्यातला वडील मी आहे.

उजवा झाला, दशरथा. लगेच पडली पाकळी, लवूला दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घालावं लागलं नाही.

प्रश्न बदलला म्हणून तू माझ्यावर तणतणशील. तणतण. पण कौल झाला आहे आणि तो मी जसाच्या तसा कळवला आहे. तुला मोडायचा असेल तर गाडी पकडून ये आणि देवाला तोंडावर सांग.

सूनबाईला तेल लावायला सांग. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा बाप,
नाना


कांदिवली,
२० जुलै १९८५

तीर्थरूप नानांस दशरथाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा मुलाखत झाली. तुमचं पत्र आदल्या दिवशीच आलं होतं. वाचून पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. जयंतीला वाचायला दिलं तर ती आनंदाने नाचेल असं वाटलं होतं. ती रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, आता चुकलं तर माझंच चुकेल. तिची आई म्हणाली, चुकलं तर घर कुठे पळून जात नाही. माझे गुडघे मी बघते, तू तुझं बघ.

तिथे टेबलापलीकडे एक साहेब होते. त्यांनी तिचं नाव वाचलं आणि कुठलं कॉलेज, असं मला विचारलं. सगळ्या मुलांचे बापच उत्तर देत होते. माझ्या तोंडात मुंबई अगदी आलं होतं, नाना. पण ती आजी आठवली. आपली पोर तिच्या खाटेपाशी ओणवी उभी, हात सोडवून घेत नव्हती. घरात ही पाच मिनिटं एका जागी ठरत नाही. मी साहेबांना म्हटलं, शिकणार ती आहे, तिला विचारा. जयंतीने मिरज म्हणून सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं. पुढच्या शनिवारी तिला पोचवायला जातो. ट्रंक घेतली आहे, तिच्या आईने त्यात लोणच्याच्या दोन बरण्या आत्ताच घुसवल्या.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करत होतो. लिहितोच. माझ्या वेळी तुम्ही देवाला विचारलंत, दशरथाला गिरणीत लावू काय. मला वायरमनचं काम शिकायचं होतं. तुम्ही विचारलं नाही, मीही बोललो नाही, आणि देव तरी काय करणार, त्याने विचारलेल्याचं उत्तर दिलं. माझा राग नाही, तुम्ही पोटासाठीच केलंत. पण या खेपेला तुम्ही लवूला मध्येच थांबवलंत, तेवढं मी तीनदा वाचलं.

गणपतीला येतोय. इथे बोरिवलीला वायरमनचा संध्याकाळचा वर्ग आहे, वयाची अट नाही असं कळलं. तेव्हा लवूला सांगून ठेवा, यंदा एक गाऱ्हाणं माझंही घालायचं आहे. दशरथ म्हणतो ते त्याला करू देऊ काय, असंच विचारायचं. शब्द बदलू नका.

तब्येतीला जपा आणि आमच्यावर आहे तशीच माया राहू द्या.

आपला आज्ञाधारक मुलगा,
दशरथ